थांबवणारा वाटाड्या

वाटाड्या कशासाठी असतो, सांगा बघू. वाट दाखवायला, हे शेंबडं पोरही सांगेल. आपल्या हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेनं चढायचं तर खालच्या गावातला गडी बरोबर घ्यावाच लागतो, नाहीतर त्या दगडधोंड्यांच्या घळीत माणूस भलतीकडंच चढून बसतो आणि मग त्याला खाली काढायला अख्खा गाव दोर घेऊन निघतो. पण मी आज सांगतोय ती जागा अशी आहे, की तिथं वाट चुकायची म्हटली तरी चुकता येत नाही. दगड बसवून केलेली पायवाट, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी, पुढं माणसं, मागं माणसं. आणि तरीही जाणता माणूस तिथं वाटाड्या घेतल्याशिवाय पाऊल टाकत नाही. का घेतो, त्याचीच ही गोष्ट.

ही जागा म्हणजे उत्तराखंडातली फुलांची घाटी. चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या अलीकडं. १९८२ साली तिला राष्ट्रीय उद्यान केलं आणि २००५ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. ८७ चौरस किलोमीटरांचा मुलूख, म्हणजे म्हटलं तर लहानसाच, पण त्यात पाचशेच्या वर जातींच्या वनस्पती. ऋषिकेशहून जोशीमठमार्गे गोविंदघाटाला जायचं, तिथून जीपनं पुलनापर्यंत आणि मग पायी चालत घांघरियाला. ज्यांचे गुडघे बोलायला लागलेत त्यांच्यासाठी खेचरं असतात, कंडीवालेही असतात. कंडी म्हणजे पाठीवर बांधायची मोठी टोपली, तीत माणूस बसतो आणि दुसरा माणूस त्याला घेऊन डोंगर चढतो. मी बसलो नाही. आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकून फुलं बघायला जायचं, हे काही मनाला पटेना. पण बसणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, म्हातारपण कुणाला चुकलंय? ऑगस्टात गेलात तर त्या वाटेवर गढवाली आणि पंजाबीबरोबर मराठीही ऐकू येते. पंजाबी निघालेले असतात वरच्या हेमकुंड साहिबच्या गुरुद्वाऱ्याला, आणि आपले लोक पिशवीत मेथीचे लाडू नि भडंग घेऊन फुलांना.

घांघरिया तीन हजार मीटरांवर आहे. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे आपल्या सगळ्यात उंच डोंगराच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर हे गाव. हिवाळ्यात इथं चिटपाखरू नसतं, बर्फ पडायला लागला की सगळे खाली उतरतात. इथं पहिली गंमत स्वयंपाकघरात दिसते. बरोबरच्या एका वहिनींनी खानावळीच्या चुलीवर हौसेनं साधं वरण लावलं, पातेल्यातलं पाणी खळखळा उकळतंय, ढणाढणा जाळ आहे, आणि डाळ काही केल्या शिजेना. वहिनी म्हणाल्या, डाळच जुनी दिली मेल्यानं. खानावळवाला नुसता हसला आणि त्यानं फडताळातून कुकर काढून दिला. आता बघा, डाळीचा दोष नव्हता आणि जाळाचाही नव्हता. आपल्या डोक्यावर हवेचा जो थर असतो तो डोंगरावर चढू तसा विरळ होत जातो, त्याचा दाब कमी होतो, आणि वरून दाबणारं कुणी नसलं की पाण्याला लवकर उकळी फुटते. खाली ते शंभर अंशांना उकळतं, इथं नव्वदीच्या आसपासच उकळायला लागतं, आणि एकदा उकळलं की कितीही लाकडं घाला, पाणी त्याच्या वर तापत नाही. कुकर झाकण घट्ट लावून वाफेचा दाब आतल्या आत कोंडतो, म्हणून त्यात डाळ मऊ होते.

माणसाच्या छातीचंही तेच. लोक म्हणतात, वर प्राणवायू कमी असतो. कमी नसतो रे, हवेतला त्याचा वाटा तितकाच असतो, पाचातला एक. पण सगळी हवाच विरळ, म्हणून एका श्वासात खालच्या दोनतृतीयांशाएवढाच हाती लागतो. मग छाती भाता ओढते, डोकं जड होतं, आणि पुण्याच्या टेकडीवर रोज धावणारा पैलवान गडी तिथं दहा पावलांवर खडकाला टेकतो. आमचा वाटाड्या इथल्याच भ्यूंडार खोऱ्यातला पोरगा, विशीतला, पायात साधे रबरी बूट. त्यानं पहिल्या सकाळी एकच गोष्ट सांगितली, की चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. गप्पा तुटल्या की चाल जास्त झाली. मला हा नियम भारी आवडला, कारण गप्पा मारणं ही माझी जन्माची सवय. बाकीच्यांना मात्र तो खुपला. सकाळी घाटीचं दार उघडताना आत जायचं, दुपारनंतर आत सोडत नाहीत, आणि दिवस कलायच्या आत सगळ्यांनी बाहेर यायचं, आत मुक्काम करायला मुळीच परवानगी नाही. तेव्हा प्रत्येकाला घाई, की पळत जाऊ, टोक गाठू. आणि हा पोरगा वीस पावलं गेला की थांबे.

पहिल्यांदा थांबला तो तेरड्यापाशी. हो, तेरडाच! आपला परसातला नाही, त्याचा डोंगरी चुलतभाऊ, पुरुषभर उंच, गुलाबी फुलांचा, दोन्ही अंगांना रान माजल्यागत उभा. आपल्याकडं तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, कोकणात गौर आणतात ती तेरड्याची, आणि लहानपणी त्याच्या पिकल्या बोंडाला बोट लावून ते फोडलं नाही असं पोर शोधून सापडायचं नाही. त्या पोरानं तेच केलं. एक फुगीर हिरवं बोंड हलकेच चिमटीत धरलं आणि फट! बोंडाच्या पाचही फाकी आतल्या बाजूला गुंडाळल्या गेल्या आणि बिया माझ्या टोपीवर. आता ह्या बोंडात दारू कुणी भरली? कुणी नाही. बोंड पिकताना त्याच्या भिंतीतल्या पेशी पाणी पिऊन तट्ट फुगतात. बाहेरचा थर ताणायला बघतो, आतला त्याला आवरून धरतो, आणि पाच फाकी एकमेकींना शिवणीनं चिकटलेल्या असतात म्हणून तो ताण तसाच साठून राहतो. एक शिवण उसवली की पाचही उसवतात, आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी होऊन जातं. ह्याच घराण्यातला एक हिमालयी तेरडा आपल्या बिया वीसबावीस फुटांवर भिरकावतो.

ह्या भावाची आणखी एक हकीकत आहे, ती ऐकाच. १८३९ साली इंग्रजांनी त्याला हौसेनं विलायतेत नेलं, बागेत शोभेला लावला. तो काय बागेत राहणार! फट्‌ करून कुंपण ओलांडलं, ओढ्याच्या काठानं निघाला, पाण्यातून बिया पुढं गेल्या, आणि आज तिकडच्या नदीकाठांवर त्यानं असं ठाण मांडलंय की सुट्टीच्या दिवशी गावोगावची माणसं हातमोजे घालून त्याला उपटायला जातात. त्याच्या फुलात मधही इतका, की तिकडच्या माश्या गावच्या फुलांना विसरून ह्याच्याकडंच जातात. इंग्रज आपल्याकडं आला आणि दीडशे वर्षं हलला नाही. हा तेरडा तिकडं गेलाय, तोही काही हलायचं नाव घेत नाही.

दिवा जरा मोठा कर रे, सापकांदा आला आता. आपल्या सह्याद्रीत पहिला पाऊस पडला की भुईतून फडा काढून जो उभा राहतो ना, महाबळेश्वराला, कासला, भीमाशंकराला, तोच. त्याचे भाऊबंद ह्या घाटीत झाडांच्या सावलीत हिरव्या-जांभळ्या फडा काढून बसलेले असतात. आमच्यातल्या एकानं फोटो काढला आणि पुढं निघाला. पोरगा म्हणाला, थांबा अंकलजी, हा नर आहे की मादी? आता झाडाला असं कुणी विचारतं का! पण विचारावं. त्याचं असं आहे, की ह्या कुळातल्या बऱ्याच जातींचं झाड जन्मभर एकच लिंग घेऊन बसत नाही. कांदा लहान असेल, साठवण थोडी असेल, तर ते नर होतं. पराग करायला काय लागतं, थोडकी पुंजी पुरते. पुढच्या काही वर्षांत कांदा पोसला, जाड झाला, की तेच झाड मादी होतं, कारण लालभडक फळांचं कणीस पोसायचं तर घरात दाणागोटा हवा. आणि एखाद्या वर्षी फळं धरून धरून कांदा वाळला, तर पुढच्या सालाला ते मुकाट्यानं पुन्हा नर! आपली ऐपत बघून संसार मांडायचा, हे शहाणपण माणसांत तरी किती जणांना असतं?

पण खरी लबाडी पुढंच आहे. ह्या फडेच्या आत जे फूल असतं त्याचा वास बुरशीचा. बुरशीवर जगणारी बारीक चिलटं त्या वासाला भुलून आत उतरतात. भिंती गुळगुळीत, वर चढता येत नाही. नर झाडाच्या फडेला तळाशी एक बारीक फट असते. चिलट आत धडपडतं, परागानं माखतं आणि त्या फटीतून बाहेर पडतं. सुटलो म्हणतं आणि पुन्हा तसल्याच वासाला भुलून दुसऱ्या फडेत शिरतं. ती मादी असली तर मात्र संपलं, कारण तिला खाली फट ठेवलेलीच नसते. बाहेर पडायची वाट शोधत ते आत फिरफिर फिरतं, त्याच्या अंगावरचे पराग तिला लागतात, आणि चिलट तिथंच मरतं. पोरानं एक वाळलेली फडा उघडून दाखवली, तळाशी काळे ठिपके पडलेले. आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, ह्या झाडाला सापाचं तोंड दिलंय ते उगाच नाही.

ह्या घाटीत बाहेरचं जग आलं ते चुकून. १९३१ साली फ्रँक स्माइथ नावाचा इंग्रज गिर्यारोहक आणि त्याचे सोबती कामेट शिखर चढून परतत होते. त्या वेळेपर्यंत माणसानं चढलेलं ते सगळ्यात उंच शिखर. भ्यूंडारची खिंड ओलांडून पावसात, धुक्यात ते खाली उतरले आणि फुलांतच जाऊन पडले. गडी इतका वेडा झाला की १९३७ साली खास फुलांसाठी परत आला, इथं तळ ठोकून राहिला, आणि पुढच्या वर्षी त्यानं ह्या घाटीवर पुस्तक लिहिलं. सापडली, सापडली म्हणून गवगवा झाला. खालच्या गावांतले मेंढपाळ मात्र त्याच्याही आधी किती पिढ्या तिथं बकऱ्या घेऊन येत होते. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी काही पुस्तक लिहिलं नाही. त्या पुस्तकाच्या मागोमाग १९३९ साली जोन मार्गारेट लेग नावाच्या बाई विलायतेहून वनस्पती गोळा करायला आल्या आणि कड्यावरून पाय घसरून गेल्या. त्यांची कबर घाटीतच आहे, आणि बरेच लोक तिथवर जाऊन परततात.

मेंढपाळांवरून आठवलं. उद्यान झाल्यावर चराई बंद केली. फुलांना बकऱ्या खातात, तेव्हा बकऱ्या हटवल्या की फुलं वाढतील, असा सरळ हिशोब. तर झालं काय, की अमेला नावाचं एक कमरेइतकं वाढणारं, पांढऱ्या तुऱ्यांचं झुडूप बघता बघता मोकळ्या उतारांवर पसरलं आणि त्याच्या सावलीत लहान फुलं गुदमरायला लागली. कुणी म्हणतं बकऱ्या होत्या तोवर त्याला दाबून ठेवत होत्या, कुणी म्हणतं दरडी कोसळून माती उघडी पडली तिथं तो घुसला. वाद अजून चालू आहे, आणि वनखातं दर साली माणसं लावून तो उपटतं. मला विचाराल तर माझा कल बकऱ्यांकडं आहे. जे शेकडो वर्षं तिथं चरत होतं ते एका कागदानं उचललं तर मागं काहीतरी हलणारच.

मध्ये एक नाला लागला. त्यावर बर्फाचा जाड थर पसरलेला, वरून मातीनं काळा पडलेला, आणि दोन पोरं त्यावर फोटो काढायला धावली. आमचा वाटाड्या एरवी आवाज न चढवणारा, तो असा ओरडला की खेचर बिथरावं. बर्फाच्या खालून पाणी वाहतं, ते पाणी आणि त्याबरोबर शिरणारी उबदार हवा आतून त्याला पोखरत नेतात. वरून जे भक्कम दिसतं ते मधोमध चार बोटांचंही उरलेलं नसतं. त्यानं काठीनं ठोकून दाखवलं. काठाशी आवाज जड येतो, मध्ये पोकळ. पोरं मुकाट माघारी आली.

आता भुंगा. आपल्या घराच्या वाशाला भोकं पाडतो तो काळा भुंगा वेगळा, हा केसाळ, पिवळ्या-काळ्या-तांबड्या पट्ट्यांचा गुबगुबीत गडी. सकाळी बारीक पाऊस, थंडी अशी की माझे दोन्ही हात खिशात, माश्यांचा पत्ता नाही, आणि हा एका निळ्या फुलावर बसून थरथरतोय. मला वाटलं गारठून मरायला टेकला बिचारा. पोरगा म्हणाला, नाही अंकलजी, गाडी गरम करतोय. आणि खरंच तसं असतं! उडायचं तर ह्याच्या छातीतले स्नायू तीस अंशांच्या आसपास तापायला हवेत. मग तो काय करतो, पंख जागच्या जागी ठेवतो आणि उडायचे तेच स्नायू नुसते थरथरवतो. आपण थंडीनं कुडकुडतो तेव्हा आपल्यालाही त्यानंच ऊब येते, पण ह्याचं कुडकुडणं मुद्दाम केलेलं. छाती तापली की पंख जोडतो आणि भुर्रकन जातो. अंगावरची लव ती ऊब राखते. म्हणून ज्या थंडीत मधमाशी पोळ्याबाहेर डोकावत नाही, त्या थंडीत हा कामावर हजर असतो, आणि उंच डोंगरांवरच्या कितीतरी फुलांचा वंश त्याच्या ह्या कुडकुडण्यावर चाललेला आहे.

तो बसला होता ती निळी अफू. फिकट रेशमी निळ्या पाकळ्या, मध्ये सोनेरी परागकोश, आणि देठभर काटे. ती काही वर्षं नुसती पानं पसरून जमिनीशी बसून राहते, पुंजी जमवते, मग एका उन्हाळ्यात दांडा काढून फुलते, बी टाकते आणि मरते. इथं सगळ्यांनाच घाई. बर्फ वितळतं जूनच्या सुमारास, सप्टेंबरात पुन्हा गारठा, मधल्या त्या तीन-साडेतीन महिन्यांत फुलायचं, फळायचं, बी पिकवायचं. म्हणून उंच डोंगरांवरच्या कितीतरी वनस्पती फुलाची कळी आदल्याच वर्षी तयार करून ठेवतात. मातीत, बर्फाखाली, ती अख्खा हिवाळा तशीच मुडपून पडलेली असते. तुम्ही ऑगस्टात जे फूल बघता त्याची तयारी गेल्या साली झालेली असते, हे ऐकून मी खडकावर बसून एक लाडू खाल्ला.

दुसऱ्या दिवशी आम्ही हेमकुंडाकडं निघालो, कारण ब्रह्मकमळ खाली घाटीत सहसा दिसत नाही, त्याला आणखी वरचा, चार हजार मीटरांच्या आसपासचा मुलूख लागतो. पुण्यामुंबईत गॅलरीतल्या कुंडीत रात्री बारा वाजता जे पांढरं फूल उमलतं, आणि अख्खी सोसायटी ज्याची पूजा करायला जमते, ते हे नव्हे. ते मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. सुंदर आहे, त्याची पूजा करा, पण हिमालयाशी त्याचं काही नातं नाही. खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. जे कमळ म्हणून दिसतं त्या फिकट पिवळसर कागदी पाकळ्या मुळी पाकळ्याच नव्हेत, ती पानं आहेत. खरी फुलं आत, जांभळी, बारीक, गठ्ठ्यानं दडलेली. बाहेरच्या पातळ पानांतून उजेड आत येतो पण ऊब बाहेर पडत नाही, पावसाचा थेंब परागावर पडत नाही, आणि आतली फुलं सुखात वाढतात. ह्याचाच एक भाऊ फेनकमळ, तो तर अंगभर पांढरी लोकर वाढवून, पावसात घोंगडं पांघरून बसलेल्या धनगरासारखा खडकात बसतो, आणि भुंग्याला आत जायला वर एक भोक तेवढं ठेवतो.

परतीला पुलनाच्या अलीकडं चहाच्या टपरीवर टेकलो. २०१३ च्या जूनातल्या पुरानं ही खालची वाट वाहून नेली होती, आता आहे ती नंतर बांधलेली. पोरगा म्हणाला, तुमच्या डोंगरात काय आहे सांगा. मी म्हटलं, कारवी आहे. सात वर्षं नुसती हिरवी काठी होऊन उभी राहते, आठव्या वर्षी सगळे उतार एकदम जांभळे होतात, आणि बी टाकून सगळी एकदम मरते. तो चहाचा पेला खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, अंकलजी, दोन दिवस मी तुम्हाला खरं खरं सांगितलं आणि आता तुम्ही मला गंडवताय. मी शपथ घेतली, की मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ ला फुलली, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. त्यानं बोटांवर मोजलं, म्हणजे २०३२. मग स्वतःचं वय मोजलं, मग माझं विचारलं, आणि ते ऐकून म्हणाला, बरं, मी येईन, पण तिथं तुम्ही वाटाड्या आणि मी पाहुणा, आणि दर वीस पावलांवर थांबायचं. मी म्हटलं, त्या वयात दहावर थांबेन, काळजी नको.